माझ्या जेवणातलं मीठ कोण काढतं

२ मार्च, सकाळी ८

नवी वही. डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेली वही वेगळी आहे. तिच्यात ब्लडप्रेशर आणि गोळ्या, आणि ती येईल तो वाचतो. ही कुणी वाचायची नाही. ही कपाटात, स्वेटरांच्या खाली.

विषय एकच. या घरात माझ्या जेवणातलं मीठ कुणीतरी काढतंय.

पार्श्वभूमी, पुढे पुरावा म्हणून लागेल: सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मला चक्कर आली. बाकीचे त्याला स्ट्रोक म्हणतात. मी त्याला तो मंगळवार म्हणते. कारखान्यात टोमॅटो सूपची बॅच चाखत होते, हातातला चमचा पडला, आणि डोळे उघडले ते हॉस्पिटलात. उजवा हात आता जवळजवळ परत आलाय. तोंडाचा उजवा कोपरा जरा आळशी आहे. बाकी ठणठणीत. फक्त घरी आल्यापासून एकाही पदार्थाला चव नाही.

एकतीस वर्षं मी सूपच्या पाकिटांच्या कारखान्यात टेस्टर आहे, त्यातली चौदा मुख्य टेस्टर. पाचशे लिटरच्या टाकीत दोन मुठी मीठ जास्त पडलं तर ओळखणारी जीभ आहे ही. तेव्हा चव नाही म्हणजे जेवणात नाही. हे उघड आहे.

१८ एप्रिलला फेरतपासणी. ती पास झाले की सोमवारपासून पुन्हा टेबलावर. नाही झाले तर काय, हे लिहीत नाही, कारण तसं होणार नाही. तोवर चोर पकडायचा.

३ मार्च

संशयित पहिले: आमचे हे. तो मंगळवार झाल्यापासून स्वयंपाक हेच करतात. त्याआधी अडतीस वर्षांत चहाच्या पुढे गेले नव्हते. नोकरीभर पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढले, त्यामुळे गाजरं पट्टीने मोजून कापतात. दीड सेंटीमीटर. चारही बाजू सारख्या. चव शून्य.

विचारलं, मीठ घातलंत का. म्हणाले, घातलं की. किती? म्हणाले, लागतं तेवढं. कुणाला लागतं तेवढं, हे सांगितलं नाही. भांडी घासायला उठून गेले.

कुठेतरी पाणी मुरतंय.

४ मार्च

मिठाच्या बरणीवर मिठाच्या पातळीला पट्टी चिकटवली. जखमेवर लावायची पांढरी पट्टी, बारीक कापून. यांना दिसणार नाही. यांना कपाटातला स्वतःचा शर्ट दिसत नाही.

५ मार्च

पातळी तसूभर हललेली नाही. म्हणजे काल दोन वेळच्या स्वयंपाकात मीठ पडलेलंच नाही. पुरावा क्रमांक एक.

(हे म्हणतात काल दुपारी लेकीकडे जेवलो आणि संध्याकाळी दूध-ब्रेड खाल्लं. असेल. तरीही.)

आज गुरुवार, म्हणून ज्युनियरचा फोन. ही माझी मदतनीस. बेचाळीस वर्षांची आहे, सतरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, पण मी तिला ज्युनियर म्हणते आणि ती ओ देते. म्हणाली, मॅडम, कशी आहे तब्येत. मी विचारलं, माझ्या खुर्चीची उंची बदलली का. म्हणाली, नाही हो, मी अजून स्टुलावरच बसते. फार पटकन म्हणाली.

७ मार्च

डॉक्टरांकडे. या खेपेला त्यांनी ड्रॉपरने जिभेवर थेंब टाकले. चार बाटल्या. गोड, आंबट, खारट, कडू, यातलं काय ते ओळखायचं. मी सांगितलं ते असं: पहिला पाणी, दुसरा पाणी, तिसरा शिळं पाणी, चौथ्याला मी त्यांच्या कपाळावरची आठी बघून कडू म्हटलं. तो गोड निघाला.

मी शांतपणे विचारलं, या बाटल्यांची एक्स्पायरी डेट काय आहे. डॉक्टर हसले. उत्तर देत नाहीत तेव्हाच लोक हसतात. मग म्हणाले, मेंदूचा तो भाग दुखावलाय, चव परत येईल किंवा येणार नाही, सहा महिन्यांत कळतं. मी म्हटलं, मग थांबू. म्हणाले, सहा महिने होतायत.

लेक सोबत होती. तिने त्या क्षणी माझा हात धरला, रस्ता ओलांडताना धरतात तसा. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात धरायचं कारण काय? हिलाही काहीतरी माहीत आहे.

९ मार्च

नवी टूथपेस्ट आणलीय. चव नाही, फेस नाही, नुसतं तेलकट. आता टूथपेस्टवालेही मालात काटकसर करायला लागले. कंपनीला पत्र लिहिणार.

११ मार्च

यांचं घोट्याचं मलम हरवलं होतं. सापडलं. बेसिनवर होतं. पत्र लिहिलं नाही. विषय संपला.

१२ मार्च

आज एक निश्चय केला, आणि तो मोडायचा नाही: मी कुणावर ओरडणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर म्हणायच्या, ज्याचा राग मोठा त्याचं ऐकणं छोटं. नुसतं बघायचं, लिहायचं, आणि १८ तारखेनंतर एकदाच सगळ्यांसमोर कागद टाकायचे.

मदर म्हटल्यावर शाळेचं जेवणघर आठवलं. लांब बाकं, पितळी वाट्या, आणि स्वयंपाक करणाऱ्या दोन सिस्टर, एक उंच आणि एक बुटकी. सूपचा पहिला घोट घेऊन मी सांगायची आज उंच सिस्टर आहेत की बुटक्या. उंच सिस्टर कांदा घाईत परतायच्या. बुटक्या वाट बघायच्या. मुली पैज लावायच्या, मी कधी हरले नाही. सात वर्षांची होते. तेव्हाच ठरलं होतं म्हणायचं माझं काय व्हायचं ते.

ज्युनियरचा फोन. माझ्या जुन्या नोंदवह्या मागितल्या, टोमॅटोच्या. म्हणाली, या वर्षीचे टोमॅटो वेगळे वाटतायत, मॅडम, तुम्ही दहा वर्षांपूर्वी काहीतरी केलं होतं. म्हणजे माझी खुर्चीच नाही, डोकंही हवंय. म्हटलं, वह्या सापडत नाहीत. वह्या पलंगाखाली आहेत.

१४ मार्च

यांना फोनवर पकडलं. बाल्कनीत, आवाज बारीक करून. हो, हो, निम्मंच, तिला कळलेलं नाही. मी पडद्याआड होते. मला बघून म्हणाले, लेकीचा फोन होता, पडद्यांच्या कापडाबद्दल. पडदे निम्मे?

चोराच्या मनात चांदणं.

१५ मार्च, दुपारी २

तपासाची पद्धत बदलली. आता स्वतःच्या हाताने. हे आंघोळीला जातात तेवढी बारा मिनिटं स्वयंपाकघर माझं असतं. बटाट्यांच्या भांड्यात एक चमचा मीठ. ढवळलं, चाखलं. काही नाही. आणखी एक. काही नाही. चौथ्या चमच्याला दूरवर काहीतरी आहे असं वाटलं. की भांड्याची वाफ होती?

जेवताना हे तीन ग्लास पाणी प्यायले. म्हणाले, आज उकडतंय. मी विचारलं, कसे झालेत बटाटे. म्हणाले, छान आहेत.

म्हणजे यांनाच चव कळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं, स्वयंपाक जमेना म्हणून माझ्या जिभेवर खापर.

१९ मार्च

रोज चार चमचे. कधी पाच. हे रोज छान आहेत म्हणतात. दोनदा मागून घेतलं. पाण्याचा जग आता टेबलावरच ठेवायला लागलेत.

ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे. यंत्राचा पट्टा सैल झालाय, दुसरं काय. यांचंही घेतलं, तेही वाढलेलं. पाहा, पट्टाच.

२१ मार्च

मिठाची बरणी चार बोटं उतरलीय. पट्टी हवेत लोंबकळतेय. या घरात माझ्या मागे कुणीतरी बेसुमार मीठ वापरतंय. पुरावा क्रमांक दोन.

(चार बोटांतलं काही माझं असेल. सगळं नाही.)

२२ मार्च

लेक आली होती. बाबांचे पाय सुजलेत, ते तिने चपलेवरून ओळखलं. आधी त्यांना विचारलं, मग स्वयंपाकघरात जाऊन बटाटे चाखले, आणि सिंकमध्ये थुंकली. माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तू घालतेस का यात मीठ. मी म्हटलं, कमी होतं म्हणून सारखं केलं. म्हणाली, बाबा, तुम्ही आठवडाभर हे खाताय? हे म्हणाले, तिला आवडतं असं.

मला आवडतं असं. मला कसलीच चव लागत नाहीये, आणि हा माणूस सांगतोय मला आवडतं असं.

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. बरणी वरच्या फळीवर ठेवली. खुर्चीवर चढू नकोस म्हणाली, मी आठ वर्षांची असल्यासारखं.

यांना दोन दिवस पाय वर करून झोपायला सांगितलंय. मी त्यांच्या पायांखाली उशी ठेवली. ते म्हणाले, राहू दे गं. मी म्हटलं, मला सांगायचं होतं ना. म्हणाले, तू इतक्या दिवसांनी स्वयंपाकघरात गेली होतीस.

याचा अर्थ काय लावायचा ते कळत नाही. तूर्त संशयितांच्या यादीतून नाव काढत नाही. पेन्सिलीने कंस केलाय.

२६ मार्च

मीठप्रकरण बाजूला. तपासणीला तीन आठवडे. तयारी.

पद्धत इथे लिहून ठेवते, म्हणजे विचार सरळ राहतो. टेस्टरसमोर तीन कप येतात. दोन कपांत एकच सूप, तिसऱ्यात किंचित वेगळं. वेगळा कप कोणता ते लिहायचं, आणि काय वेगळं ते लिहायचं. कळलं नाही म्हणायची सोय नाही. एक निवडावाच लागतो. अशा पाच फेऱ्या. खोलीत लाल दिवा, म्हणजे रंगावरून कुणी चोरी करू नये. कप खिडकीतून आत येतात, देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ही सगळी शिस्त त्या कारखान्यात मी आणली. आधी नुसते चमचे चाटून बरंय बरंय करायचे.

उद्यापासून घरी सराव. कप हे मांडतील.

२७ मार्च

पहिली फेरी. आमच्याच कारखान्याचं पाकीट, तीन कप, एकात दुप्पट पाणी. यांनी कपांच्या बुडाला पेन्सिलीने आकडे घातले, नकाशावर घालतात तसे तिरपे, सुबक. मी निवडला दोन नंबर. बरोबर.

यापुढे काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही. जीभ शाबूत आहे. गोड खावंसं वाटलं म्हणून जॅम-ब्रेड खाल्ला. जॅममध्ये हल्ली साखर घालत नाहीत.

३० मार्च

एकूण नऊ फेऱ्या झाल्या. तीन बरोबर.

मला माहीत आहे. मीच नवीन मुलींना शिकवते: नवातल्या तीन म्हणजे भिंतीला विचारलं असतं तरी आल्या असत्या. पण ते सरसकट लागू होत नाही. चुकलेल्या सहांपैकी दोनदा कप निवले होते, एकदा खालच्या मजल्यावर कुणीतरी रंग देत होतं, दोनदा यांनी कप ठेवताना माझ्याकडे पाहिलं आणि लक्ष विचलित केलं, आणि एकदा यांनी आकडेच चुकीचे घातले असणार. त्या सहा धरायच्या नाहीत. उरल्या तीन. तीनही बरोबर. शंभर टक्के.

२ एप्रिल

यांची परीक्षा घेतली. तीन कप मी मांडले. यांनी पहिल्या झटक्यात वेगळा ओळखला. पुन्हा मांडले. पुन्हा ओळखला. पाचपैकी पाच. अडतीस वर्षं ताटात पडेल ते मुकाट खाणारा माणूस.

कपांवर खूण केली असणार. कप दिव्याखाली तपासले. खूण सापडली नाही, म्हणजे फार चलाख खूण आहे.

ज्युनियरचा फोन. तपासणीचे कप तीच मांडणार आहे. मी म्हटलं, सोपे मांडू नकोस. म्हणाली, मॅडम, नियमाप्रमाणेच मांडते. मग म्हणाली, मॅडम, तुम्हाला अजून थोडे दिवस घ्यायचे असतील तर मी मॅनेजरांशी बोलू का. पाहिलंत? मला यायलाच नकोय. मी म्हटलं, एक दिवसही नकोय.

६ एप्रिल

सकाळचं दूध यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं. नासलं होतं म्हणे. अर्धा ग्लास माझा पिऊन झाला होता. वासही आला नाही का, विचारलं. मी म्हटलं, आला होता, पण वाया कशाला घालवायचं.

आला नव्हता. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. पण त्या खिडकीतून वारा येत होता, हेही लिहून ठेवते.

९ एप्रिल

योजना पक्की झाली. जिभेवर अवलंबून राहायचंच नाही. अनुभव कशाला असतो? एक, चमचा सूपमधून ओढताना किती जड जातो ते बघायचं. दोन, ओठांना ऊब किती ते. तीन, घोट घेताना आवाज कसा येतो ते, दाट सूपचा वेगळा, पातळ सूपचा वेगळा. चार, आठवण. आमच्या एकवीस सूपांपैकी प्रत्येकाची चव मला तोंडपाठ आहे. जीभ विसरली तरी मी विसरलेली नाही.

आरशासमोर चेहऱ्याचा सराव. टेस्टरचा चेहरा कोरा हवा. डावी बाजू उत्तम. उजवा कोपरा लेकाचा खाली जातो आणि मी नाराज दिसते. तरी बरं, लाल दिव्यात कोण बघतंय.

१२ एप्रिल

ही चोरी नव्हे, हे स्पष्ट करून ठेवते. गवंड्याला ओळंबा चालतो, मग मला चमचा का नाही.

मदरना हे पटलं नसतं. मदर आता कुठे असतील? असत्या तर शंभरच्या पुढे.

१६ एप्रिल

ज्युनियरचा फोन आला नाही. गुरुवार असून. अपराधी मन.

१७ एप्रिल

निळी साडी इस्त्री केली. केस धुतले. हे म्हणाले, मी सोडायला येतो. मी म्हटलं, फाटकापर्यंतच या. म्हणाले, बरं. मग म्हणाले, नाही झालं तरी काही बिघडत नाही बरं का. कोणी विचारलं होतं? माझ्याच घरात माझ्यावर विश्वास नाही. सगळे वाट बघतायत मी पडायची.

१८ एप्रिल, संध्याकाळी ५

उत्तम.

फाटकावरचा पहारेकरी उभा राहिला. मॅनेजरांनी स्वतः दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी विचारलं. कॉरिडॉरमध्ये तोच वास असणार, भाजलेल्या कांद्याच्या पुडीचा. सर्दी असल्यामुळे नीट आला नाही. सर्दी कालपासून आहे.

पाच फेऱ्या. नंतरच्या चारांत निवडलेले कप लिहून आले, फार विचार करावा लागला नाही. पण पहिली फेरी, तिच्यात मी जुनी मी होते. पातळ क्लिअर सूप. कप झाकून पाठवलेले, वास लागू नये म्हणून, हा ज्युनियरचा डाव माझ्या लगेच लक्षात आला. तीनही कपांत चमचा सारखा हलका. ऊब सारखी. मग मी डोळे मिटले आणि शांत बसले. आणि चव आली. खरंच आली. हळूहळू, खोलीत कुणी येऊन बसावं तशी. मी लिहीत गेले ते दीड पान. कागद पुरला नाही, मागच्या बाजूला लिहिलं. इतकं सुरेख मी कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही. क्रमांक दोन वेगळा, ठामपणे.

बाहेर आले तर ज्युनियर खिडकीपलीकडे पाठमोरी उभी. खुर्ची गेली म्हणून वाईट वाटणं साहजिक आहे. मी मोठ्या मनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

हे फाटकाबाहेर तसेच उभे होते. अडीच तास. काय झालं विचारलं नाही. मी सांगितलं, सोमवारपासून डबा लागेल.

१९ एप्रिल, दुपारी

ज्युनियर घरी आली होती.

हे आतल्या खोलीत गेले. ती दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला बसली. पर्समधून माझा कागद काढला, घडी घातलेला. म्हणाली, मॅडम, बाकीच्या चार फेऱ्यांचे कागद फाइलमध्ये आहेत, त्यांत एक बरोबर आहे. हा मी फाइलमध्ये लावलेला नाही. मॅनेजरांनी पाहिलेला नाही. उद्या सकाळपर्यंत लावायचा आहे.

मी म्हटलं, का लावला नाहीस. हाच तर चांगला आहे.

ती म्हणाली, मॅडम, ती कोरी फेरी होती.

आता कोरी फेरी म्हणजे काय, ते लिहिते. तीनही कपांत नुसतं कोमट पाणी, म्हणजे निवडण्यासारखं काहीच नाही. सहा महिन्यांहून जास्त दूर राहिलेल्या प्रत्येकाला, आणि प्रत्येक नव्या मुलीला, न सांगता पहिली फेरी ती द्यायची. खरा टेस्टर तीन पाण्यांवर शब्द खर्च करत नाही, कागदावर एक आडवी रेघ मारून परत पाठवतो. नवख्या मुली घाबरून काहीबाही लिहितात, आणि त्यातून कळतं कोण चाखतंय आणि कोण बनवतंय. नियम भिंतीवर टांगलाय. खाली सही माझी आहे.

मला वाटलं होतं तो नियम बाकीच्यांसाठी आहे.

म्हणाली, मी मॅनेजरांना दोनदा विनवलं, मॅडमना ही फेरी नको. ते म्हणाले, मॅडमचाच नियम आहे, वगळला तर त्यांना अपमान वाटेल. म्हणून गुरुवारी फोन केला नाही, केला असता तर तोंडातून निघून गेलं असतं. झाकणं लावली ती उघडल्यावर कसलाच वास येणार नाही म्हणून, निदान त्यावरून पाणी आहे हे कळावं म्हणून.

मी तिला विचारलं, पाण्यात काही मिसळलं नव्हतं ना, क्लोरीन वगैरे. हे मी खरोखर विचारलं. ती नाही म्हणाली.

मग कागद उघडून मी माझंच अक्षर वाचलं. कांदा मंद आचेवर, वाट बघून परतलेला. पांढरी मिरी जरा पुढे. सेलरी नुसती येऊन गेल्यासारखी. मीठ मोजकं, मागच्या बाकावर बसणाऱ्या हुशार मुलीसारखं, विचारल्याशिवाय बोलत नाही. शेवट लांब, हिवाळ्यातल्या शुक्रवारचा. बुटक्या सिस्टरांचा हात.

ज्युनियरचे डोळे भरले होते. म्हणाली, मॅडम, मी रात्री हे चार वेळा वाचलं. मला हे सूप प्यायचंय.

मग म्हणाली, मी हा फाडते. सर्दी होती म्हणून अर्ज करा, महिन्याने पुन्हा घेऊ, पहिल्या फेरीचं मी बघते. सतरा वर्षांत या मुलीने मला कधी अर्धा चमचा जास्त झालेला लपवू दिला नव्हता. तिने आत्ता हे म्हणावं.

मी कागद घेतला. खाली तारीख घालायची राहिली होती ती घातली. सही केली, सही जरा उजवीकडे कलली. म्हटलं, लाव फाइलला. आणि पलंगाखाली टोमॅटोच्या वह्या आहेत, त्या घेऊन जा. दहा वर्षांपूर्वी मी चिमूटभर साखर वाढवली होती, तिसऱ्या वहीत आहे. खुर्चीची उंची कमी करून घे. स्टुलावर कंबर जाते.

ती जाताना वाकून नमस्कार करायला लागली. मी म्हटलं, पुरे. वह्या पडतील.

२० एप्रिल, दुपारी १

सोमवार.

मॅनेजरांचा फोन येऊन गेला. फार चांगलं बोलले. निरोप समारंभ, शाल वगैरे. मी हो म्हटलं.

जेवायला बसलो. हे पान वाढून समोर बसले, जेवेनात. म्हणाले, एक सांगायचंय. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून तुझं मीठ निम्मं केलंय. तुझ्यासमोरच सांगितलं होतं, तू मान हलवली होतीस. घरी आल्यावर तू रोज विचारायला लागलीस, मीठ कुणी काढलं, मीठ कुणी काढलं, तेव्हा वाटलं, हिला कळतंय. चव परत येतेय. म्हणून लेकीला म्हटलं, बोलू नकोस, ओळखू दे तिला.

म्हणजे माझा संशय खरा होता. मीठ निघत होतं, आणि हेच काढत होते. कबुलीजबाब मिळाला. सात आठवड्यांचा तपास पूर्ण. मनाशी म्हटलं, बघ, बरोबर होतीस. काही वाटलं नाही.

ताटात बटाटे आणि वाटीत सूप होतं. मी वाटी त्यांच्याकडे सरकवली. म्हटलं, तुम्ही चाखा आणि मला सांगा कसं आहे. नुसतं गिळू नका. जिभेवर धरा, डाव्या गालाकडे न्या, उजव्या गालाकडे न्या, मग सांगा. घाई नाही.

त्यांनी चमचा धरला, नकाशावर पेन धरतात तसा. घोट घेतला. डोळे मिटले. डावा गाल, उजवा गाल. कपाळाला आठ्या पडल्या. मी पेन उघडून बसले होते. चांगलं एक मिनिट गेलं असेल.

म्हणाले, गरम आहे.

लिहून घेतलं.